बिळं मोजली, खेकडे राहिले

एमएस्सीच्या प्रकल्पाला फिडलर खेकडा घेतलाय? मस्त. आता चिखलात उतरण्याआधी एवढं डोक्यात ठेवा: बीळ म्हणजे खेकडा नव्हे.

रत्नागिरीजवळच्या खाडीत मी चार महिने पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट टाकून बिळं मोजली. तक्ते, आलेख, सगळं झकास. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "आत कोणी होतं का?" तिथेच घाम फुटला. काही बिळं सोडून दिलेली असतात, काही दुसऱ्याच जातीच्या खेकड्यांची, एखाद्यातून निवटी, म्हणजे चिखलातला मासा, डोकावते. उलट भरतीआधी खेकडा आत शिरून चिखलाच्या बोळ्याने तोंड बुजवतो, ते बीळ नजरेतून सुटतंच. पिल्लांची बिळंही अशीच सुटतात. आकडा दोन्हीकडे चुकतो, आणि किती चुकला ते कळायला मार्ग नसतो. पुढचे दोन महिने मी मोजकेच चौकोन खणून बिळं आणि खेकडे यांचा मेळ घालत बसलो.

खणायचं नसेल तर दुर्बीण घेऊन लांबवर पंधरा मिनिटं दगडासारखं बसा. बाहेर आलेले मोजा. एकच डेंगा, म्हणजे नांगी, मोठा तो नर. तो छोट्या डेंग्यानेच खातो. मादीचे दोन्ही छोटे. बिळाभोवती चिखलाच्या बारीक गोळ्या दिसल्या, तर या ओहोटीत तिथे कोणीतरी जेवलंय. जुन्या गोळ्या भरती धुऊन नेते.

संदर्भ शोधताना खेकड्याचं जुनं शास्त्रीय नावही टाका. 2016 मध्ये फिडलर खेकड्यांची 'ऊका' ही प्रजाती (जीनस) मोडून अकरा केल्या. ऊका ॲन्युलिपेस आता ऑस्ट्रुका ॲन्युलिपेस आहे. मला हे कोणी सांगितलं नाही. माझं स्पष्ट मत: ज्याची पँट कधी चिखलाने भरली नाही, तो गाइड घेऊ नये. मला भरतीचं गणित शिकवलं ते एका होडीवाल्या मामांनी. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. ॲप आहेत, पण खाडीत रेंज कुठे असते?

पहिले काही दिवस पाय वर येईल आणि गमबूट खालीच राहील. सगळ्यांचं होतं, घाबरू नका. पण एकटे जाऊ नका, आणि तिवरांत शिरायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

एक नर हातात आला होता, डेंगा लांबलचक पण हलका, आतून दातच नाहीत. तुटून पुन्हा उगवलेला. समोरच्या नराला हा फरक कळत नाही. हा आपला डेंगा तसाच हलवून दाखवत राहतो.