वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या परीक्षेला कोणता कॅल्क्युलेटर न्यावा

कॅल्क्युलेटर घेण्याआधी त्यावर एकच गणित करून बघा. ०.१८ अधिक १.२ भागिले ६. हे एका दमात, मध्ये न थांबता दाबायचं. उत्तर ०.३८ आलं तर तो कामाचा. ०.२३ आलं तर परत ठेवा.

हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. कार्बन इक्विव्हॅलंटच्या (वेल्डिंगमध्ये स्टीलला तडा जाण्याचा धोका किती, ते सांगणाऱ्या आकड्याच्या) सूत्राची ती सुरुवात आहे: कार्बन, अधिक मँगॅनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा, अधिक निकेल-कॉपरच्या बेरजेचा पंधरावा. साधा हिशोबाचा कॅल्क्युलेटर बटणं दाबाल तसतसा पुढे जातो. आधी बेरीज उरकतो आणि मग सगळ्यालाच सहाने भागतो. सायंटिफिक आधी भागाकार करतो. पहिल्या परीक्षेला मी साधाच नेला होता, कारण बेरीज-गुणाकाराशिवाय काय लागणार असं वाटलं होतं. गणितं मला येत होती. पण प्रत्येक पायरी कच्च्या कागदावर उतरवायची, परत आकडे टाकायचे, यात वेळ गेला आणि शेवटचे काही प्रश्न वाचायचेच राहिले. ते प्रश्न अजून मनात सलतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी सूचनापत्र वाचा. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची सीडब्ल्यूआय परीक्षा असो की ब्रिटनची सीस्विप, प्रोग्रॅमेबल किंवा मजकूर साठवणारा कॅल्क्युलेटर चालणार नाही असंच धरून खरेदी करा. मोबाइलचा तर प्रश्नच नाही. पेपर संगणकावर असेल तर पडद्यावरचाच कॅल्क्युलेटर वापरावा लागेल का, तेही बघून ठेवा. तसं असेल तर सराव माउसने करा. बोटांची सवय तिथे उपयोगाला येत नाही.

आता कंस. कंसाची बटणं नसलेला कॅल्क्युलेटर मी कुणालाच सुचवणार नाही. टेन्साइल टेस्टचा, म्हणजे तुटेपर्यंत ओढून बघायचा तुकडा घ्या: रुंदी १९ मिमी, जाडी ९.६ मिमी, ९५ किलोन्यूटनला तुटला. ९५००० भागिले, कंसात १९ गुणिले ९.६, म्हणजे साधारण ५२१ मेगापास्कल. कंस विसरलात तर आधी १९ ने भागलं जातं, मग ९.६ ने गुणलं जातं आणि समोर येतात ४८,०००. इतकं मजबूत स्टील कुठेच नसतं, त्यामुळे ही चूक लगेच कळते. पण सगळ्या चुका अशा ओरडून सांगत नाहीत.

त्यातली सगळ्यात छुपी चूक कोनाच्या मोडची. १२ मिमी प्लेट, एकाच बाजूने कापलेली ६० अंशांची व्ही आकाराची खाच (सिंगल व्ही ग्रूव्ह), तळाशी न कापलेली कड (रूट फेस) शून्य, तळाची फट (रूट गॅप) ३ मिमी. वर ग्रूव्ह किती रुंद? २ गुणिले १२ गुणिले टॅन ३०, अधिक ३, उत्तर १६.८६ मिमी. मोड चुकून रेडियनवर असेल तर टॅन ३० उणे येतो आणि आपण दचकतो. पण तोच ग्रॅडवर (काटकोनाचे शंभर भाग धरणाऱ्या मापावर) असेल तर उत्तर येतं १५.२३. अगदी पटण्यासारखं! पर्यायांत १५ च्या आसपासचा आकडा असला की हात तिकडेच जातो. म्हणून पडद्यावर डिग्रीची खूण ठळक दिसते का, हे विकत घेतानाच बघा. काही मॉडेलांवर ती इतकी बारीक असते की परीक्षेच्या ताणात नजरेतून सुटते.

पडदा दोन ओळींचा हवा. वर टाकलेले आकडे, खाली उत्तर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाणाचं बटण दाबून मागे जाऊन एखादाच आकडा बदलता आला पाहिजे. हीट इनपुटच्या, म्हणजे वेल्डच्या दर मिमीला किती उष्णता जाते त्याच्या प्रश्नात याची किंमत कळते. २५ व्होल्ट, २०० अँपिअर, मिनिटाला ३०० मिमी वेग: २५ गुणिले २०० गुणिले ६०, भागिले कंसात ३०० गुणिले १०००. एका मिमीला १ किलोज्यूल. पुढच्या पासला (वेल्डच्या पुढच्या थराला) करंट १८० झाला, तर फक्त तेवढाच आकडा बदलायचा, उत्तर ०.९. (ईएन १०११ या युरोपीय मानकाप्रमाणे विचारलं असेल तर प्रोसेसचा, म्हणजे वेल्डिंगच्या पद्धतीचा गुणांकही घ्यावा लागतो, टिगला ०.६, स्टिकला ०.८. प्रश्न कोणत्या कोडचा आहे ते आधी बघा.)

कॅसिओचा एफएक्स-८२ एमएस किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-३० एक्स टू एस, या जातीचे कॅल्क्युलेटर या कामाला पुरतात. दोन्ही दोन ओळींचे, दोन्ही प्रोग्रॅम न होणारे. सूत्रं पुस्तकासारखी दाखवणारे नवे मॉडेल दिसायला छान असतात, पण वरच्याच टेन्साइलचं उत्तर ते ३१२५ छेद ६ असं दाखवू शकतात. दशांशात बदलायचं एक बटण असतं. ते माहीत नसलं तर घाम फुटतो, आणि माहीत असलं तरी दर वेळी एक दाब जास्त. इंचात पेपर असणाऱ्यांना मात्र अपूर्णांकाचं बटण हवंच: ५/१६ अधिक १/८ म्हणजे ७/१६, गुणिले २५.४, म्हणजे ११.११ मिमी. दशांशाचा तक्ता पाठ करण्यापेक्षा हे सोपं.

बटणं जरा घट्ट, दाबल्याचं बोटाला कळणारी निवडा. फक्त प्रकाशावर चालणारा नको, बॅटरीही असलेला घ्या. झाकणाच्या आत सूत्रांचा कागद चिकटवलेला असेल तर तो आजच काढून टाका, नाहीतर दारातच अडवतील.

परीक्षेच्या निदान महिनाभर आधी घ्या आणि सरावाचं प्रत्येक गणित त्याच्यावरच करा, दुसरा हातात धरूच नका. आदल्या रात्री मेमरी पुसा. मग टॅन ४५ दाबा. १ आला की झाकण लावा आणि ओळखपत्राशेजारी ठेवून द्या.