कफ म्हणजे पाटली नव्हे: शिंपला-खड्यांचा सोन्याचा कफ वापरताना या चुका टाळा

पाटल्या एकदा हातात चढल्या की कणीक, भांडी, अंघोळ सगळं त्यांच्यासकटच होतं. सोनं ते निभावून नेतं. पण खडे आणि शिंपला (दुकानात ‘मदर ऑफ पर्ल’) जडवलेल्या कफला, म्हणजे एका बाजूला फट असलेल्या रुंद कड्याला, ही सवय महागात पडते, कारण त्यात सगळ्यात नाजूक असतो तो शिंपला. काळजी त्याच्या बेतानं घ्यायची.

जास्त नुकसान होतं ते साफ करताना. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. चिंच, लिंबू, व्हिनेगर लागलं की त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि गेलेली झळाळी घरी घासून परत येत नाही. टूथपेस्टही नकोच, तिनं शिंपल्यावर ओरखडे पडतात: कठीणपणाच्या १० पर्यंतच्या मोजपट्टीवर हिरा १०, नीलम ९, तर शिंपला साधारण ३.५. रिठ्याच्या पाण्यात भिजत घालू नका. शिंपल्याच्या चकत्या बहुधा चिकटवलेल्या असतात, पाणी मुरलं की सुटतात. दुकानात कुणी प्रेमानं ‘मशीनमध्ये धुऊन देतो’ म्हणालं तरी नको म्हणा. त्या अल्ट्रासॉनिक मशीनची थरथर शिंपल्याला सोसत नाही, आणि पाचूच्या भेगांत भरलेलं तेलही निघून जाऊ शकतं. किंचित ओल्या सुती कापडानं पुसायचं, लगेच कोरडं करायचं. बस्स. अत्तर, हेअरस्प्रे आधी, कफ शेवटी.

दुसरी चूक म्हणजे कफ दोन्ही हातांनी फाकवून घालणं. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, हात जिथे बारीक असतो तिथे कडेनं फट सरकवा आणि मग कफ फिरवून बसवा. दर वेळी वाकवलं की सोनं कडक होत जातं, फटीच्या समोरच्या बाजूला चीर पडते. त्याआधीच एखादा खडा निसटलेला असतो. सैल वाटला तरी हातानं दाबू नका, सोनाराकडे न्या.

ओढणीचा धागा अडकायला लागला तर खडा धरणारी नखी उचकटली आहे असं समजा. कानाजवळ धरून हलकी टिचकी मारा. खुळखुळ आवाज आला तर घालणं थांबवा. दुरुस्तीला देताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: डाग देण्याआधी (ज्योतीनं सांधा जोडण्याआधी) शिंपला काढून ठेवा. ज्योतीची आच त्याला लागली तर तो करपतो.

आणि घेतानाच बिल नीट बघा. शिंपला-खड्यांसकटचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. १८ कॅरेटवर ७५० चा शिक्का असतो, म्हणजे ७५ टक्के सोनं; शेजारी सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. मोडताना भाव बहुधा निव्वळ सोन्याचाच मिळतो. शिंपल्याचे पैसे आणि घडणावळ गेलीच म्हणायची.