शास्त्रीय संगीताचं निवेदन करताय? या चुका टाळा

आकाशवाणी केंद्राच्या ड्युटी रूममधला फोन वाजला की समजावं, काहीतरी चुकलंय. गाणं छान झालं म्हणून फोन करणारा श्रोता पुण्यात विरळा. चुकलं म्हणून करणारे मात्र टपलेलेच असतात. का नसावेत? आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं १९५३ साली आणि सवाई गंधर्व महोत्सवही त्याच वर्षी. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे कान या दोन्हींवर तयार झालेली घरं इथे पेठापेठांत सापडतील.

मी बरीच वर्षं नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरती बोलावली जाणारी, निवेदिका म्हणून काम केलं. हल्ली नवी मुलं-मुली विचारायला येतात. कुणाला आवाजचाचणी द्यायची असते, कुणी इंटरनेटवर स्वतःचं रेडिओ चॅनल काढलेलं असतं. चुका साधारण सारख्याच, आणि त्यातल्या बहुतेक मी आधी करून ठेवलेल्या.

विशेषणांचा चिखल

‘सुरांच्या स्वर्गीय वर्षावात चिंब होऊ या’ हे वाक्य मी एकेकाळी स्वतःच्या हाताने लिहिलंय, म्हणून हक्काने सांगते, असलं काही लिहिलं असेल तर फाडून टाका. त्याने ऐकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. गाणं स्वर्गीय आहे की नाही ते तो ठरवेल.

त्याऐवजी कानाला एखादी खूण द्या. समजा मारवा राग लावायचाय. ‘या रागात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल आहे, आणि गायक षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, यायचं बराच वेळ टाळतो. षड्ज कधी येतो त्याकडे लक्ष ठेवा.’ एवढंच पुरे. ज्याला रागातलं ओ की ठो कळत नाही, तोही कुकरची शिट्टी होईपर्यंत षड्जाची वाट बघत बसतो. जाणकाराला हे माहीत असतंच, पण त्याचा अपमानही होत नाही.

अशी खूण देण्यासाठी ध्वनिमुद्रण आधी पूर्ण ऐकलेलं असावं लागतं. खरी अडचण तिथे आहे. वेळ नाही म्हणून लोक नेटवरून रागाची माहिती उचलतात आणि फसतात. भूप आणि देसकार यांचे सूर तेच पाच: सा रे ग प ध. पण भूपाचा जीव गंधारात (ग), देसकाराचा धैवतात (ध). भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. नुसते सूर बघून निवेदन लिहिलंत तर सकाळी साडेसातला भूप गायल्याची घोषणा कराल. कर्नाटक संगीत लावताना तर जास्तच जपा. त्यांचा हिंदोळम् म्हणजे आपल्या मालकंसाच्या जवळचा, आपल्या हिंडोलाशी त्याचा संबंध नाही. त्यांची तोडी आपल्या भैरवीच्या सुरांची. नाव सारखं दिसलं म्हणून आपली माहिती तिकडे चिकटवू नका.

रोमन लिपीचा सापळा

आता सगळं संगणकावर. फायलींची नावं रोमन लिपीत, आणि तीच वाचून घोषणा. ‘दरबारी कानडा’ या रागाचा ‘दरबारी कॅनडा’ झालेला मी या कानांनी ऐकलेला आहे. ‘गौड सारंग’चा ‘गोड सारंग’ होतो, ‘शंकरा’चा ‘शंकर’. कलाकारांच्या नावांचेही तसेच हाल: सुब्बुलक्ष्मींना ‘सुब्बालक्ष्मी’, किशोरी आमोणकरांना ‘अमोणकर’.

उपाय जुनाच. निवेदनाचा कागद देवनागरीत, स्वतःच्या अक्षरात लिहायचा. लिहिताना जिथे हात अडखळतो तिथेच जीभ अडखळणार असते. नाव कानडी, तमिळ किंवा बंगाली असेल तर ती भाषा बोलणाऱ्या कुणालातरी आधी विचारून घ्या. पुण्यात माणसं मिळतात.

साथीदार

मुख्य कलाकाराला चार बिरुदं आणि तबलजीचं नावही नाही, याचा मला खरोखर राग येतो. पंडित, गानसरस्वती वगैरे एकदा म्हणून झालं की पुढे साधं नाव चालतं. वाचलेल्या वेळात तबला, संवादिनी (म्हणजे हार्मोनियम), तानपुऱ्याची साथ सांगा. पण सवयीने मात्र सांगू नका. ‘साथीला तबला आणि हार्मोनियम’ हे तोंडात इतकं बसलेलं असतं, की साथीला सारंगी असलेल्या ध्वनिमुद्रणालाही तेच म्हटलं जातं. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. १९५०-६०च्या दशकांतलं आकाशवाणीचं ध्वनिमुद्रण हातात असेल आणि कागदावर हार्मोनियम लिहिलेली असेल, तर आधी ऐका.

आणि हे सगळं गाण्यानंतर पुन्हा सांगा. कलाकार, राग, ताल, साथ. ही गोष्ट नवे लोक सगळ्यात जास्त विसरतात. श्रोता मध्येच येतो, कर्वे रोडच्या सिग्नलला गाडीतला रेडिओ लावतो. दहा मिनिटं जीव टाकून ऐकतो आणि शेवटी तुम्ही म्हणता, ‘आणि आता पुढचं गायन.’ कोण गात होतं ते त्याला आयुष्यभर कळत नाही. पूर्वी तबकडीवर गाणारेच ही काळजी घ्यायचे. गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारायची.

फेडरवरचा हात

बातम्यांना मिनिट उरलंय, तान ऐन भरात आहे आणि हात फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, गेला. यासारखं दुसरं पाप नाही. वेळ पाळावी लागते हे मान्य. पण चूक त्या मिनिटाला होत नाही, ती अर्धा तास आधी झालेली असते. हातात अठरा मिनिटं असताना बावीस मिनिटांचा ख्याल लावला की पुढे काय होणार ते उघडच आहे. बातम्यांपासून मागे मोजत या आणि त्यात बसेल तेच निवडा.

फेडर ओढावाच लागला तर गायकाला मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ द्या आणि मगच आवाज उतरवायला लागा. फक्त, विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) पाऊण मिनिटाचंही असू शकतं, तेव्हा समेची वाट बघायला तेवढा वेळ हाताशी हवा. आणि गाणं संपलं की लगेच तोंड उघडू नका. तानपुरा विरू द्या, मनात तीन अंक मोजा, मग बोला. त्या तीन सेकंदांना घाबरायचं कारण नाही, श्रोता कुठे जात नाही.

उरलेली तीन-चार मिनिटं भरायला बोलण्यापेक्षा जुनी तबकडी बरी. त्यांची लांबी नेमकी तेवढीच. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे. अर्थात भैरवी, त्यामुळे शेवटीच शोभेल.

वेळेच्या रागांबद्दल थोडं. पूर्वी सवाईत रात्रभर गाणं चालायचं आणि पहाटेचा ललित पहाटे कानावर पडायचा. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे बहुतेकदा रात्री दहाला मैफिली आटपतात. म्हणजे ज्या त्या प्रहराला तो राग देणं आता बऱ्याच अंशी रेडिओच्या हातात आहे. संध्याकाळचा मारवा सकाळी लावायला बंदी नाही, पण का लावला ते एका वाक्यात सांगा.

तानसेनाने दिवे पेटवल्याच्या गोष्टी सांगायच्या तर दंतकथा म्हणून सांगा. आवाजात साखर घोळू नका.

चुकलंच तर

चुकणार हे धरून चाला. सुरुवातीच्या वर्षांत मी छोटा गंधर्वांचं नाट्यपद ‘बालगंधर्व’ म्हणून लावलं. दुसरी ओळ सुरू व्हायच्या आत ड्युटी रूममध्ये फोन. एक आजोबा शांतपणे म्हणाले, “अहो ताई, गंधर्व चार झाले. बाल, सवाई, छोटा आणि कुमार. तुम्ही आम्हाला कुठले ऐकवताय?” आता आनंद गंधर्वही आहेत, म्हणजे घोटाळ्याला आणखी वाव.

अशा वेळी दोनच गोष्टी करायच्या. गाणं मध्ये तोडायचं नाही. संपल्यावर एका वाक्यात दुरुस्ती करायची: ‘आत्ता ऐकलेलं पद छोटा गंधर्व यांनी गायलेलं होतं, मघाशी चुकीचं नाव सांगितलं गेलं, क्षमस्व.’ तांत्रिक कारण वगैरे सांगू नका, कुणी विश्वास ठेवत नाही. मी तसंच केलं आणि पुढची तबकडी लावली. फोन पुन्हा वाजला.

“आता बरोबर,” आजोबा म्हणाले. “पण तबल्याला कोण होतं?”

मी तबकडी उलटसुलट करून पाहिली. लेबलावर ते छापलेलंच नव्हतं.