शेतकऱ्याकडून थेट भाजीचा हिस्सा घेताय? आधी या चुका टाळा

हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे येईल त्याचा आपला वाटा घरी आणायचा, ही सीएसएची (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर, म्हणजे ग्राहकांच्या आधारावर चालणारी शेती) कल्पना ऐकली की सगळ्यांना आवडते. जॉईन होताना उत्साह पण असतो. आणि दुसऱ्या महिन्यात गळती सुरू होते. भाजी वाईट होती म्हणून सोडणारे फार थोडे असतात, बहुतेकजण सोडतात कारण त्यांनी हे ॲपवरून भाजी मागवण्यासारखं समजून पैसे भरलेले असतात. तसं ते नाहीये. तुम्ही भाजी विकत घेत नाही, एका शेताच्या एका हंगामात हिस्सा घेता, म्हणजे पीक जोरात आलं तर पिशवी जड येणार आणि गारपीट झाली तर हलकी येणार. जपानमध्ये १९७० च्या दशकात तेईकेई नावाने ग्राहक आणि शेतकरी असेच एकत्र आले, अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांपासून सुरुवात झाली, आपल्याकडे पण मुंबई-पुण्याच्या आसपास असे गट आहेत. मुळात गोष्ट एकच, जोखीम वाटून घ्यायची.

मला हवी ती भाजी मिळेल असं धरून चालणं

पहिला राग इथेच येतो. जुलैमध्ये फ्लॉवर का नाही, मटार कधी देणार, आणि हे काय सारखं दोडका-घोसाळं. अहो पावसाळ्यात मांडवावर वेलवर्गीयच येणार ना, दोडका, पडवळ, कारलं, काकडी, सोबत भेंडी, गवार, अळू. मेथी, पालक, मुळा, गाजर, वालपापडी, मटार हे सगळं थंडीचं. एप्रिल-मेमध्ये तर पालेभाजी उन्हाने करपते, पाणी कमी असतं, तेव्हा पिशवीत भोपळा, गवार, काकडी, चवळीच्या शेंगा असंच चालू राहतं. बाराही महिने सगळं पाठवणारा कोणी भेटला तर तो मार्केट यार्डातून उचलून तर आणत नाही ना, हे नक्की विचारा.

उपाय सोपा आहे. पैसे भरण्याआधी शेतकऱ्याकडून लागवडीचं वेळापत्रक मागून घ्या, कोणत्या महिन्यात काय निघणार ते. चांगला शेतकरी हे आनंदाने सांगतो कारण त्याला तेच ठरवून पेरायचं असतं, मेथी महिन्याभरात निघते पण कोबी-फ्लॉवरला अडीच-तीन महिने लागतात. तुमचा ऍडव्हान्स याच काळात बियाणं, मजुरी आणि ठिबकला लागतो, तो कापणीनंतर मिळून त्याला काही उपयोग नाही. आणि मेनू आधी ठरवून भाजी आणायची सवय असेल तर ती उलटी करायला लागेल, पिशवी उघडायची आणि मग ठरवायचं.

पहिल्याच वेळी मोठा हिस्सा घेणं

दोघंच घरात, दोघंही ऑफिसला, डबा आठवड्यातून तीनदा, आणि घेतला चार जणांचा हिस्सा. मग फ्रीजमध्ये भाजी सडते, वाईट वाटतं आणि दोष योजनेला जातो. अर्धा हिस्सा घ्या, नाहीतर शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या. बऱ्याच ठिकाणी महिन्याभराची ट्रायल मिळते, ती थंडीत न घेता पावसाळ्यात घ्या असं मी आवर्जून सांगेन, कारण डिसेंबरची पिशवी बघून कोणीही प्रेमात पडतो, ऑगस्टची पिशवी चालली तर वर्षभर चालेल.

दर आठवड्याला बाजारभावाशी हिशोब मांडणं

जानेवारीत मंडईत मेथी मातीमोल झालेली असते, तेव्हा तुम्हाला वाटतं आपण फसलो. त्याच मंडईत भर पावसात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावता येत नाही तेव्हा मात्र पिशवीतली जुडी कोणी मोजत नाही. हिशोब करायचाच असेल तर अख्ख्या हंगामाचा करा. तरीही थोडं महाग पडेल, पडू दे. त्यात तणनाशक न मारता खुरपणी करणाऱ्या बायकांची मजुरी आहे.

प्रश्न न विचारता, फक्त ऑर्गॅनिक शब्दावर पैसे भरणं

इथे जरा थांबून वाचा. सर्टिफिकेट आहे का एवढंच विचारून लोक गप्प बसतात, आणि नाही म्हटलं की खोटारडा ठरवतात. दोन्ही चूक. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटची सक्ती नाही, फक्त जैविक भारतचा, म्हणजे प्रमाणित सेंद्रिय मालावरचा लोगो त्याला वापरता येत नाही. म्हणजे कागद नसलेला शेतकरी प्रामाणिक असू शकतो. पीजीएस सर्टिफिकेट (शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासून देतो ते) असेल तर त्यावर ग्रीन लिहिलंय की ऑर्गॅनिक ते बघा, ग्रीन म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे. त्यात काही वाईट नाही, रासायनिक सोडून आलेल्या शेताला वेळ लागतोच, फक्त तसं आपल्याला सांगितलेलं असावं.

त्यापेक्षा हे विचारा: मावा किंवा अळी पडली की काय फवारता? जो खरंच करतो तो निंबोळी अर्क, दशपर्णी, चिकट सापळे असं धडाधड सांगतो, वर कुठल्या वर्षी काय चाललं नाही तेही सांगतो. पाणी कुठून येतं, विहीर, कॅनॉल की शहराचा नाला? बांधाला लागून ऊस किंवा द्राक्षबाग आहे का, तिथली फवारणी उडून येते का? पीक गेलं तर पैशाचं काय, दुसऱ्या शेतकऱ्याची भाजी पिशवीत घालणार असाल तर सांगणार का? आणि शेतावर कधी येऊ? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका.

भाजी घरी आणून तशीच फ्रीजमध्ये कोंबणं

सगळ्यात जास्त तक्रारी "दोन दिवसात खराब झाली" याच असतात आणि त्यातल्या बऱ्याच घरी सुटतात. पालेभाजी धुऊन ठेवायची नाही. जुडी सोडायची, पिवळी पानं काढायची, मुळं आणि माती कापून टाकायची, कोरड्या सुती कापडात किंवा पेपरात सैल गुंडाळून ठेवायची, वापरताना धुवायची. कोमेजलेली आली असेल तर टाकून देऊ नका, अर्धा तास गार पाण्यात ठेवा, पालक-माठ उठून उभे राहतात. भेंडीला पाणी लागलं की ती चिकट होऊन काळी पडते, पुसून ठेवा. टोमॅटो बाहेर. बटाटे अंधारात, कांद्यापासून लांब. मुळा-गाजर आलं की पाला लगेच कापून वेगळा करा नाहीतर पाला मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा मऊ पडतो, पाल्याची पीठ पेरून भाजी त्याच दिवशी.

फ्लॉवरमध्ये अळी निघाली म्हणून फोटो टाकून ग्रुपवर आरडाओरडा होतो. तुरे सुटे करून कोमट पाण्यात मीठ-हळद घालून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, अळ्या वर येतात, पाणी ओता, झालं. पानाला भोकं असणं पण चालतं. मात्र आतून काळं, बुरशी लागलेलं किंवा वास येणारं असेल तर ते अर्थातच चालवून घ्यायचं नाही.

एक गोष्ट मात्र कधीच चालवून घेऊ नका. दुधी, काकडी, दोडका चिरताना एक चकती चाखून बघायची सवय लावा, कडू लागली तर थुंकून टाका आणि ती अख्खी भाजी फेकून द्या. शिजवून कडूपणा जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. कारलं कडूच असतं, त्याची गोष्ट वेगळी. सेंद्रिय आहे म्हणजे काही होणार नाही हा समज इथे महागात पडतो, आणि असा दुधी निघाला तर शेतकऱ्याला त्याच दिवशी कळवा म्हणजे तो बाकीच्यांना सावध करेल आणि त्या वेलाचं बी धरणार नाही.

तक्रार उशिरा, आणि सगळ्यांसमोर

पिशवी वॉचमनच्या केबिनबाहेर दुपारभर उन्हात पडली असेल तर ती शेतकऱ्याची चूक नाही, सोसायटीत कोणीतरी वेळेवर उतरवून घ्यायची जबाबदारी घ्यायला हवी, आळीपाळीने घ्या. खरंच वजन कमी किंवा माल खराब असेल तर त्याच दिवशी फोटोसकट थेट शेतकऱ्याला सांगा, चार दिवसांनी सांगितलं तर त्याला कळणारच नाही की काढणीत गडबड झाली की टेम्पोत. रिकामे क्रेट आणि पिशव्या परत द्या. गावाला जाणार असाल तर आठवडाभर आधी कळवा, भाजी पहाटे काढलेली असते, सकाळी आठला "आज नको" म्हटलं तर ती जाणार कुठे.

आणि सोडायचं असेल तर हंगामाच्या मधे गायब होऊ नका. खरिपाचं नियोजन मेमध्ये होतं, रब्बीचं सप्टेंबरमध्ये, त्याच्या आधी सरळ फोन करून सांगा की पुढच्या हंगामाला आम्ही नाही, म्हणजे तो तुमच्या वाटणीचे वाफे पेरणार नाही किंवा वेटिंगवरच्या कोणालातरी ती जागा देईल.