पाटीवर ब्यूक लिहिलेलं विमानाचं इंजिन हाताळताय? मग या चुका टाळा

जुन्या रेडियल इंजिनाच्या (म्हणजे सिलेंडर गोल चक्रासारखे मांडलेल्या विमानाच्या इंजिनाच्या) पाटीवर ब्यूक किंवा शेवरोले दिसलं की कारवाल्यांचे डोळेच चमकतात, आणि पहिली चूक तिथेच होते. दुसऱ्या महायुद्धात ब्यूकने शिकागोजवळ मेलरोज पार्कला लिबरेटर बॉम्बरसाठी ही इंजिनं धडाधड काढली, पण डिझाइन प्रॅट अँड व्हिटनीचं, आर-1830 ट्विन वास्प. त्यामुळे मॅन्युअल आणि पार्ट शोधताना प्रॅटचा मॉडेल नंबर धरा, ब्यूक कारचं काही त्याला लागत नाही. आपल्या हवाई दलाच्या परशुराम नावाच्या जुन्या डाकोटा विमानालाही ट्विन वास्पच आहेत.

आता खरी महागात पडणारी चूक. इंजिन दोन-चार दिवस उभं राहिलं की ऑइल झिरपत खालच्या सिलेंडरांत उतरतं, कारण त्यांची तोंडं जमिनीकडे असतात. ऑइल काही दाबलं जात नाही, स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बरं, वाकलेल्या रॉडवर इंजिन चालतंही, मग काही तासांनी हवेत तुटतो, म्हणजे बघा. म्हणून आधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) बंद, मिक्स्चर (इंधनाचा कंट्रोल) बंद, आणि प्रोपेलर हाताने फिरवा. एकच फेरा मारून लोक खूश होतात, पण गिअर 16 ला 9 आहे, प्रोपेलरच्या एका फेऱ्यात क्रँकचे (पिस्टन ज्याला जोडलेले असतात त्या दांड्याचे) पावणेदोनच होतात आणि फोर-स्ट्रोकला दोन लागतात, तेव्हा तीन पात्यांचा प्रोपेलर असेल तर निदान नऊ पाती, म्हणजे तीन फेरे, मोजा.

मध्येच अडकलं तर जोर लावायचा नाही, आणि उलटं तर मुळीच फिरवायचं नाही! उलटं फिरवलं की ऑइल इनटेक पाइपमध्ये (सिलेंडरला हवा-इंधन पोचवणाऱ्या नळीत) चढतं, तुम्हाला वाटतं मोकळं झालं आणि स्टार्ट केल्यावर तेच परत आत ओढलं जातं. खालच्या सिलेंडरांचे प्लग काढा, ऑइल गळू द्या, पाइपचंही ड्रेन करा, कंटाळा आला तरी.

कारचं ऑइल टाकू नका, त्यातल्या ॲडिटिव्हची राख साचते आणि मग वेळेआधी पेट घेणं सुरू होतं. विमानाचंच घ्या.

मॅग्नेटो चेकला, म्हणजे दोनपैकी एकाच मॅग्नेटोवर इंजिन चालवून बघताना, आरपीएम जास्त पडला की काही जण सरळ चौदा सिलेंडरांचे 28 च्या 28 प्लग खोलून बसतात. अरे थांबा की! इंजिन त्याच मॅग्नेटोवर थोडं चालवा, बंद करा, स्विच ऑफ आहे ना ते दोनदा बघा, आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी प्रत्येक सिलेंडरवर पाण्याचा थेंब टाका. तेरा ठिकाणी चर्र होईल, जिथे थेंब नुसताच बसून राहील तिथला त्या मॅग्नेटोचा प्लग आधी काढा, बहुतेक वेळा ऑइलने काळाकुट्ट झालेला निघतो.