अमेरिकेतून इंग्लंडला आलात? मग वीकेंडचं फिरणं असं करा

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरियातून नोकरीमुळे इकडे आलेली बरीच मराठी मंडळी आहेत आणि बहुतेकांचा पहिला प्लॅन साधारण सारखाच असतो. नकाशा बघायचा, "अरे, सगळं तर जवळजवळच आहे की" म्हणायचं आणि एकाच शनिवारी स्टोनहेंज, बाथ, ऑक्सफर्ड तिन्ही कोंबायचं. कृपा करून असं करू नका. पाट्यांवर अंतर मैलातच, वेगही मैलातच, म्हणून सवयीचं वाटतं खरं, पण गावागावातून जाणारे अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घेऊन वाट द्यायची, यात तिकडे तासात संपणाऱ्या अंतराला इथे दोन तास सहज जातात. माझा साधा नियम आहे, एका दिवशी एकच जागा, आणि ती पायी बघायची.

आधी गाडीचं. अमेरिकन लायसन्सवर तुम्ही इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पुढे नाही. आणि ते लायसन्स इथे बदलून मिळत नाही, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही टेस्ट नव्याने द्याव्या लागतात, त्यामुळे शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. टेस्ट ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर लायसन्सही फक्त ऑटोमॅटिकचंच मिळतं हेही लक्षात असू द्या. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. लाल सिग्नलला थांबून वळायची तिकडची सवय इथे पूर्ण सोडा, डावीकडे वळायचं असलं तरी लाल म्हणजे लाल. रस्त्यावर तपकिरी पाट्या दिसतात त्या बघण्यासारख्या जागांच्या असतात, किल्ला, बाग, जुना वाडा, संग्रहालय. त्यांच्यावर लक्ष ठेवा.

पण खरं सांगू का, फिरायला जायचं तर ट्रेनने जा. तिकडे बहुतेक ठिकाणी कारशिवाय पान हलत नाही, इथे मात्र लहानशा गावाला स्टेशन असतं आणि स्टेशनातून बाहेर पडलं की पायवाट सुरू होते. तिकिटाचं गणित एकदा समजून घ्या. ॲडव्हान्स तिकीट स्वस्त पण ते त्याच ठरलेल्या गाडीला चालतं, चुकली गाडी की तिकीट गेलं. ऑफ-पीक तिकिटाला ती कटकट नाही, आणि शनिवार-रविवारी बहुतेक दिवसभर ऑफ-पीकच असतं. मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्याच, मोठ्यांना एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के, वर्षातून दोन-तीनदा लांब गेलात तरी पैसे वसूल. फक्त निघायच्या आदल्या रात्री ॲपवर एकदा बघायचंच, कारण रुळांची कामं वीकेंडला आणि बँक हॉलिडेलाच, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, काढतात आणि मग अर्धा प्रवास बसने. गाडी उशिरा आली तर भरपाई मिळते, ऑनलाइन फॉर्म भरायचा, आळस करू नका, आपले पैसे आहेत. आणि २५ डिसेंबरला देशभरात ट्रेन्स नसतात, लंडनच्या बस आणि ट्यूबसुद्धा बंद, त्या दिवशी कुठे जायचा बेत ठेवू नका.

सुट्ट्यांचंही वेगळं आहे. थँक्सगिव्हिंगचा लाँग वीकेंड इथे नाही, इंग्लंडमध्ये वर्षाला ८ बँक हॉलिडे, त्यातले मे महिन्यात दोन आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार. त्या दिवशी समुद्रकिनारी जाऊ नका, पार्किंगलाच दिवस जातो.

आता एक पूर्ण दिवस कसा घालवायचा ते सांगते, माझा सगळ्यात आवडता. शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारी लोकल पकडायची आणि एडेलला उतरायचं, अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. हे पीक डिस्ट्रिक्ट, १९५१ साली झालेलं या देशातलं पहिलं नॅशनल पार्क. पण यलोस्टोनसारखं गेट, तिकीट, रेंजर असलं काही शोधू नका, इथे पार्कात गावं आहेत, शेतं आहेत, मेंढ्या आहेत. एडेलहून हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीत चढायचं. पूर्वी एडेलला चर्च नव्हतं तेव्हा लोक प्रेतं खांद्यावर घेऊन याच वाटेने पलीकडे कॅसलटनला न्यायचे असं सांगतात. वर आलं की डोंगराच्या धारेवरून फरसबंदी वाट थेट मॅम टॉरवर जाते, उंची ५१७ मीटर, आपल्या सिंहगडाच्या निम्मीसुद्धा नाही, पण वारा असा असतो की कानटोपी हवीच, जुलैतसुद्धा बॅगेत ठेवा. एका बाजूला एडेलची दरी, दुसऱ्या बाजूला कॅसलटन, मध्ये दगडी कुंपणांनी आखलेली हिरवी शेतं. उतरताना जुना मोटाररस्ता लागतो. डोंगर सारखा खचत असल्यामुळे तो १९७९ साली कायमचा बंद केला. डांबराचे थर तुटून एकावर एक चढलेत, मधली पांढरी रेघ मध्येच फूटभर खाली गेलीय, मुलांना हे फार आवडतं. कॅसलटनला खायचं, पेव्हरिल कॅसल बघायचं आणि होप स्टेशनपर्यंत चालत किंवा बसने येऊन परतीची गाडी.

या वाटेवर तुम्ही कितीतरी वेळा कुणाच्यातरी खाजगी शेतातून जाता. तिकडे "नो ट्रेसपासिंग"ची पाटी बघून मागे फिरायची सवय लागलेली असते, इथे पब्लिक फुटपाथची पाटी असेल तर ती वाट तुमच्या हक्काची आहे, शेतकरी अडवू शकत नाही. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. ऑर्डनन्स सर्व्हेचा केशरी कव्हरचा नकाशा घ्या, त्यात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात, फोनला रेंज नसते तेव्हा तोच कामाला येतो. गेट उघडं असेल तर उघडंच ठेवायचं, बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचं. वासरं असलेल्या गायींपासून लांबून जायचं. एडेलच्या दुसऱ्या बाजूला किंडर स्काउट आहे, तिथे एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टर-शेफील्डकडचे कामगार शेकड्यांनी जमीनमालकांची बंदी मोडून डोंगरावर चढले आणि त्यातले पाच जण तुरुंगात गेले. आज आपण जिथे निवांत डबा उघडून तिखटमिठाच्या पुऱ्या खातो ना, ती जागा लोकांनी अशी मिळवलीय, म्हणून कचरा परत घेऊन या, एवढं तरी करूच.

पबमध्ये टेबलावर बसून वेट्रेसची वाट बघू नका, कुणी येणार नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची, तिथेच पैसे. तिथे टिप लागत नाही. रेस्टॉरंटमध्ये बिलात बऱ्याचदा १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, वर आणखी २० टक्के द्यायची गरज नाही. साधं पाणी मागितलं की फुकट मिळतं. दुपारी अडीचच्या सुमारास बऱ्याच गावच्या पबचं किचन बंद होतं म्हणून जेवण वेळेत उरका. शाकाहारी असाल तर बीन्स आणि चीज घातलेला जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, जवळपास सगळीकडे मिळतो.

मेंबरशिप घ्यायची तर १८९५ साली सुरू झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेची आधी घ्या, जुनी घरं, बागा, समुद्रकिनारे आणि त्यांचं पार्किंग फुकट होतं. स्टोनहेंज इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे आहे पण ट्रस्टच्या मेंबरना तेही फुकट. अमेरिकेहून बहीण-भाऊ यायचे असतील तर त्यांना तिकडूनच रॉयल ओक फाउंडेशनची मेंबरशिप घ्यायला सांगा, त्यावर ट्रस्टच्या जागा बघता येतात. हिवाळ्यात मात्र दिवस बघून निघा, डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो आणि ट्रस्टची बरीच घरं बंद असतात. शेवटचा प्रवेश किती वाजता ते आधी बघा.

अमेरिकेशी नाळ जोडलेल्या जागा मला विशेष वाटतात, मुलं तिकडच्या शाळेत शिकलेली असतील तर नक्की न्या. केंब्रिजजवळ मॅडिंगलीला दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं स्मशान आहे, ३,८०० हून जास्त थडगी, आणि बाजूच्या लांब भिंतीवर ज्यांचा पत्ताच लागला नाही अशा पाच हजारांवर जणांची नावं. त्यात केनेडींच्या थोरल्या भावाचंही नाव आहे, मुलांना शोधायला सांगा. लंडनला चेरिंग क्रॉसजवळ क्रेव्हन स्ट्रीटवर बेंजामिन फ्रँकलिनचं घर आहे. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम हे सगळं फुकट, त्यामुळे दिवसभर दमेपर्यंत न थांबता दोन तास बघा आणि पुन्हा या.

आणि लंडनला गेलात की नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरा. तिथून थोडं चाललं की १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये इथे राहिले, २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ही वास्तू विकत घेतली. त्यांनी आधी न्यूयॉर्कला कोलंबियात शिक्षण घेतलं आणि मग लंडनला आले, म्हणजे तुम्ही आलात तोच रस्ता, तेही पैसे काटकसरीने पुरवत. घर बघायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या तपासून जा आणि प्रिमरोज हिलची टेकडी जवळच आहे, वरून सगळं लंडन दिसतं, तीही त्याच दिवशी होते.