डेबियन 12 लिनक्सवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकताय? रीबूटच्या आधी हे बघा

सगळ्यात आधी सिक्युअर बूट (ओळखीच्या किल्लीची डिजिटल सही नसलेला कोड रोखणारी सोय) चालू आहे का ते बघा. टर्मिनलमध्ये 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' द्या. उत्तर 'एनेबल्ड' आलं तर खाली येणारी किल्लीची पायरी चुकवून चालणार नाही. मागच्या खेपेला माझी नेमकी तीच राहिली होती.

बॅकअप घ्या. मग सोर्सेस.लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत, 'कॉन्ट्रिब' आणि 'नॉन-फ्री' हे भाग आहेत का ते तपासा. डेबियन 12 मध्ये 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा भाग झालाय आणि तो बहुतेक आधीच असतो, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की नॉन-फ्री चालूच आहे. तसं नसतं. ते हातानं लिहा आणि यादी अपडेट करा.

'एनव्हिडिया-डिटेक्ट' टाकून चालवा, तुमच्या कार्डाला कोणतं पॅकेज लागेल ते तो सांगतो. अंदाजाने जाऊ नका. इथला मुख्य ड्रायव्हर 535 मालिकेचा आहे. जुन्या केप्लर कार्डांना तो चालत नाही, त्यांच्यासाठी 470 वेगळा ठेवलाय. आरटीएक्स 50 मालिका तर 535 ला ओळखताच येत नाही.

सिस्टिम पूर्ण अपग्रेड करून एकदा रीबूट करा, म्हणजे नवाच कर्नल (सिस्टिमचा गाभा) चालू असेल. मग 'लिनक्स-हेडर्स-एएमडी64' टाका, कर्नलसाठी ड्रायव्हर बांधायला या हेडर फाइली लागतात. आकड्यांचं, एकाच कर्नलपुरतं हेडर पॅकेज टाकू नका. पुढचा कर्नल आला की त्याचे हेडर येत नाहीत, डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारं साधन) मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये जाणारा भाग, बांधत नाही, आणि काही आठवड्यांनी अचानक काळी स्क्रीन दिसते.

कंपनीच्या साइटवरची .रन फाइल नको म्हणजे नको. ती आणि एप्टचं (डेबियनच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाचं) पॅकेज एकमेकांच्या फाइली पुसतात. आधी कधी चालवली असेल तर तीच फाइल '--अनइन्स्टॉल' देऊन काढा. नूव्हो (एनव्हिडिया कार्डांचा आधीपासून असलेला मुक्त ड्रायव्हर) बंद करायला स्वतः काही लिहू नका, पॅकेज ते करतं.

आता 'एनव्हिडिया-ड्रायव्हर' आणि 'फर्मवेअर-मिस्क-नॉनफ्री' टाका. मॉड्यूल बांधताना काही मिनिटं स्क्रीन थांबल्यासारखी वाटेल, खिडकी बंद करू नका. शेवटी रीबूट करा म्हणून सूचना येईल. करू नका. आधी किल्ली.

डीकेएमएस मॉड्यूलवर स्वतःच्या किल्लीने सही करतं, पण ती किल्ली तुमच्या मशीनच्या फर्मवेअरला माहीत नसते. 'डीकेएमएस स्टेटस' 'इन्स्टॉल्ड' म्हणेल. त्यावर विसंबू नका, त्याचा अर्थ मॉड्यूल बांधलं गेलं एवढाच, कर्नल ते आत घेईल असा नाही. म्हणून 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब' द्या. पासवर्ड दोनदा विचारेल, तो निव्वळ आकड्यांचा ठेवा आणि कागदावर लिहा, कारण पुढच्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. 'मोकयुटिल --लिस्ट-न्यू' मध्ये किल्ली दिसली की मगच रीबूट.

रीबूटला वायरचा कीबोर्ड लावा आणि मशीनसमोर बसा. दुरून लॉगिन करून हे होत नाही. निळा पडदा येतो, 10 सेकंद मोजतो. तेवढ्यात कोणतंही बटण दाबा, मग 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची किल्ली), 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. 10 सेकंद हुकली तर विनंती जाते, इम्पोर्ट पुन्हा करा.

मग टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' द्या. कार्डाचं नाव दिसलं की झालं. नाही दिसलं तर 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' द्या. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर ड्रायव्हर पुन्हा टाकू नका, दहा वेळा टाकलात तरी तेच येईल. किल्ली नोंदली गेलेली नाही, ती नोंदवा.

स्क्रीन काळी राहिली तर कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबा, नुसत्या मजकुराचं टर्मिनल उघडतं. तेही नाही झालं तर ग्रबमध्ये (सुरू होतानाच्या मेनूत) 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट', मग एफ10. तो बदल त्या एका बूटपुरताच असतो. अपडेटनंतर 'व्हर्जन मिसमॅच' आलं तर नुसतं रीबूट.